विद्यापीठाचं अंदाजपत्रक कुठून वाचायला घ्यायचं?

पदवीधर मतदारसंघातून नुकतेच विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) निवडून आलेले एक तरुण सदस्य विचारतात: "विद्यापीठ लोकांसाठी आहे असं प्रत्येक भाषणात ऐकतो. बैठकीत मात्र सगळी चर्चा उत्पन्नावर येऊन थांबते. विद्यार्थ्यांच्या शुल्कावरच चालणारे स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम वाढवा, शुल्क वाढवा, विद्यार्थी नसलेले विभाग बंद करा. पैसा लागतो हे मलाही कळतं. मग लोकांचं काम आणि बाजाराचा रेटा यांचा मेळ विद्यापीठानं घालायचा कसा?"

मी राज्यातल्या एका सार्वजनिक विद्यापीठाच्या वित्त व लेखा विभागात २८ वर्षं काढली. लेखा सहायक म्हणून लागलो, पुढे अंदाजपत्रक तयार करणाऱ्या कक्षाचं काम माझ्याकडे आलं आणि तिथूनच निवृत्त झालो. त्यामुळे माझं उत्तर टेबलाच्या त्या बाजूचं आहे. आधी एक सांगतो. पैसा मिळवणं आणि लोकांचं काम करणं यांचं मुळातच वैर आहे, असं मला कधी वाटलं नाही. घोळ होतो तो पैसा कुणाकडून आला आणि कुणावर खर्च झाला हे झाकलं जातं तेव्हा. हे अंदाजपत्रकात उघड लिहिलेलं असेल तर अर्धी भांडणं तिथेच मिटतात, आणि उरलेली मुद्द्यावर होतात.

सुरुवात उत्पन्नापासून करू. मुंबई विद्यापीठ १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं तेव्हा ते स्वतः शिकवत नव्हतं. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढंच त्याचं काम, शिकवायचं महाविद्यालयांनी. पुढे पदव्युत्तर विभाग आले, वसतिगृहं आली, नागपूर, पुणे, मराठवाडा, शिवाजी अशी विद्यापीठं होत गेली. पण संलग्न महाविद्यालयांचा आणि परीक्षांचा सांगाडा कायम राहिला, आणि त्याबरोबर उत्पन्नाचा सांगाडाही. सरकार वेतन अनुदान देतं ते मंजूर पदांपुरतं. परीक्षांचा खर्च, वीजबिल, सुरक्षारक्षक, कंत्राटी माणसं, डागडुजी, संगणक हे सगळं विद्यापीठानं स्वतःच्या निधीतून भागवायचं. हा स्वतःचा निधी म्हणजे मुख्यतः परीक्षा शुल्क, संलग्नीकरण शुल्क, पात्रता शुल्क, प्रमाणपत्रांची शुल्कं आणि ठेवींवरचं व्याज.

आता यातली मेख बघा. परीक्षा शुल्क भरणारे बहुसंख्य विद्यार्थी संलग्न महाविद्यालयांत आहेत, आणि त्यातले कितीतरी तालुक्याच्या आणि त्याहून लहान गावांतले. बीए, बीकॉम करणारी ही मुलं विद्यापीठाच्या आवारात पाऊलही न टाकता पदवीधर होतात. त्यांच्या शुल्कातून आवारातले रस्ते होतात, अतिथीगृह रंगवलं जातं, सभागृहाला वातानुकूलन बसतं, विभागांच्या परिषदा होतात. त्यातलं काही योग्यच आहे. विद्यापीठ उभं राहिलं तर पदवीला किंमत. पण श्रीमंताकडून घेऊन गरिबाला द्यायचं असं आपण म्हणतो, आणि इथे पुष्कळदा उलटं चालतं. मला तरी विद्यापीठाच्या जमाखर्चातली सगळ्यात बोचणारी गोष्ट हीच वाटते, आणि बाजाराचं नावही न काढता ती घडत असते.

एक लेखाशीर्ष, म्हणजे जमाखर्चाच्या वहीतली एक नोंद, सांगतो. परीक्षा अर्जाचं विलंब शुल्क. नियमित मुदत संपली की विलंब शुल्क, त्यानंतर अतिविलंब शुल्क. अंदाजपत्रक करताना आम्ही प्रत्येक जमेच्या शीर्षाला मागच्या वर्षाच्या प्रत्यक्ष जमेवर थोडी वाढ धरायचो. विलंब शुल्कालाही तशीच धरायचो, कित्येक वर्षं, सवयीनं. एकदा डोंगरी भागातल्या एका महाविद्यालयाच्या प्राचार्यांचं पत्र आलं. शेवटच्या तीन दिवसांत गावात वीजही नव्हती आणि नेटही, मुलींचे अर्ज राहिले, विलंब शुल्क माफ करावं. सोबत यादी होती, हातानं लिहिलेली, प्रत्येक नावापुढे गाव. मी नेहमीसारखा शेरा लिहायला घेतला, "प्रचलित नियमानुसार माफी देता येत नाही", आणि तेवढ्यात समोरच्या कच्च्या अंदाजपत्रकात तेच शीर्ष दिसलं. पुढच्या वर्षी मुलांना जास्त उशीर होईल असं गृहीत धरून आम्ही खर्चाची तरतूद केली होती. म्हणजे मुलं वेळेवर अर्ज भरू लागली तर आमचं अंदाजपत्रक तुटीत जाणार होतं! त्या दिवशी मी फाईल घेऊन स्वतः साहेबांकडे गेलो. माफी मंजूर झाली. पुढच्या वर्षीपासून विलंब शुल्काची जमा अंदाजात शून्य धरायची आणि जे येईल ते विद्यार्थी साहाय्य निधीत वळवायचं, असा ठराव वित्त व लेखा समितीत आम्ही करून घेतला. रक्कम फार मोठी नव्हती. पण परीक्षा विभागाचा सूर बदलला, कारण उशीर झालेल्या मुलाकडून आता विभागाला काहीच मिळणार नव्हतं.

म्हणून तुम्हाला पहिला सल्ला हा, की प्रत्येक जमेच्या शीर्षापुढे एक प्रश्न लिहा: हे उत्पन्न वाढायचं असेल तर विद्यार्थ्याचं काय व्हावं लागेल? पुनर्मूल्यांकनाचं उत्पन्न वाढायला तपासणीवरचा विश्वास उडावा लागतो. संलग्नीकरणाचं वाढायला नवी महाविद्यालयं निघावी लागतात, गरज असो वा नसो.

संलग्नीकरणावर थोडं बोलायलाच हवं. कुठे कोणतं महाविद्यालय लागणार याचा बृहत आराखडा विद्यापीठच करतं, पाहणीसाठी स्थानिक चौकशी समिती विद्यापीठच पाठवतं, आणि त्याच महाविद्यालयाकडून दरवर्षी शुल्कही विद्यापीठच घेतं. ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्याच्याच पैशावर घर चालवायचं, ही रचना कुणालाही जड जाईल. प्रयोगशाळेत उपकरणं नाहीत, ग्रंथपाल नाही, पूर्णवेळ प्राचार्य नाहीत, असे अहवाल मी पाहिले आहेत, आणि त्याखाली "त्रुटी पूर्ततेच्या अटीवर" मुदतवाढ दिलेलीही पाहिली आहे, लागोपाठ वर्षानुवर्षं. कुणी लाच घेतली असेलच असं नाही. मुदतवाढ नाकारली तर तिथली मुलं कुठे जाणार हा खरा प्रश्न असतोच. पण शुल्कही बुडतं, आणि कोणता विचार आधी डोक्यात आला हे कागदावर कधी दिसत नाही.

आता विभाग बंद करण्याविषयी. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण बैठकीत सर्वाधिक फसवे आकडे याच विषयावर मांडले जातात.

आमच्याकडे एका प्राच्यभाषेचा विभाग होता. दोन मंजूर पदं, त्यातलं एक रिक्त, आणि दोन्ही वर्षं धरून विद्यार्थी दहाच्या आत. एका बैठकीत तक्ता आला: विभागाचा वार्षिक खर्च भागिले विद्यार्थी, म्हणजे दरडोई खर्च इतका. आकडा भयंकर दिसत होता. त्याच्याच खाली व्यवस्थापनाचा एक स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम, दरडोई खर्च नगण्य आणि वर शिल्लक. निष्कर्ष जणू लिहूनच आणला होता.

मी तो तक्ता घरी नेला आणि रविवारी पुन्हा मांडला. भाषा विभागाच्या खर्चातला जवळजवळ सगळा भाग एका प्राध्यापकाच्या पगाराचा होता. तो वेतन अनुदानातून येत होता आणि विभाग बंद केला तरी ते पैसे विद्यापीठाच्या हाती येणार नव्हते; पद सरकारजमा झालं असतं, इतकंच. विद्यापीठाच्या स्वतःच्या खिशातून जात होतं ते दोन खोल्यांचं वीजबिल, थोडी पुस्तकं आणि एका शिपायाचा अर्धा दिवस. मग व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम घेतला. त्याच्या खर्चात इमारतीचं भाडं नव्हतं, कारण इमारत विद्यापीठाची. वीज नव्हती, कारण मीटर एकच. ग्रंथालय नव्हतं, संगणक केंद्र नव्हतं, प्रवेश आणि परीक्षा सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा वेळ नव्हता, आणि समन्वयक म्हणून काम पाहणाऱ्या अनुदानित प्राध्यापकाचा पगारही नव्हता. हे सगळं वाजवी दरानं त्याच्या नावावर टाकलं तेव्हा शिल्लक जेमतेम उरली. ज्या वर्षी प्रवेश कमी झाले त्या वर्षी तर तूट होती.

मी तो अभ्यासक्रम बंद करा असं म्हटलं नाही. चांगला अभ्यासक्रम होता, मुलांना नोकऱ्या लागत होत्या. मी एवढंच मांडलं की तो विद्यापीठाला पोसतो ही समजूत खरी नाही. बऱ्याच अंशी विद्यापीठच त्याला पोसतं. शुल्क नीट ठरवा, खर्च नीट टाका, आणि खरी शिल्लक उरली तर तिचा ठरावीक हिस्सा कशासाठी जाणार ते आधी लिहून ठेवा. भाषा विभाग राहिला. त्या प्राध्यापकबाईंनी पुढे ग्रंथालयातल्या जुन्या हस्तलिखितांची सूची केली. बंडल सोडताना उडणाऱ्या धुळीमुळे नाकाला पदर बांधून बसायच्या. त्या सूचीसाठी आता बाहेरून अभ्यासक येतात. दरडोई खर्चाच्या तक्त्यात ती सूची कुठल्या रकान्यात बसली असती?

बाजार काय करतो याचं अगदी अलीकडचं उदाहरण बीएमएस, बीबीए, बीसीए या व्यवस्थापन आणि संगणकाच्या पदवी अभ्यासक्रमांचं. २०२४-२५ पासून ते अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांना प्रवेश परीक्षा लागू झाली. अनेक महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहिल्या, आणि काहींनी त्याच अभ्यासक्रमांची नावं बदलून ते बीकॉमच्या छत्राखाली नेले. मी याला लबाडी म्हणणार नाही. ज्या संस्थेचा सगळा पगार याच शुल्कातून निघतो तिला दुसरा मार्ग दिसत नाही. पण शिक्षकांचा पगार एका वर्षाच्या प्रवेशांवर टांगून ठेवला की काय होतं, हे यातून दिसतं.

आणि ते शिक्षक कोण असतात? तासिका तत्त्वावरचे, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे मिळणारे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये असं मानधन ठरवलं. प्रत्यक्षात किती ठिकाणी ते मिळतं हे त्या शिक्षकांनाच विचारा. नेट, सेट, पीएचडी झालेली माणसं दोन महाविद्यालयांत तास घेऊन एसटीनं घरी जातात आणि उन्हाळ्यात त्यांचं उत्पन्न शून्य असतं. त्यांची बिलं माझ्या टेबलावरून गेली आहेत. हजेरीपत्रकावर विभागप्रमुखाची सही नाही म्हणून बिल परत, मग शीर्षात तरतूद संपली म्हणून दुसऱ्या शीर्षातून पैसे वळवायची, म्हणजे पुनर्विनियोजनाची फाईल, मग मार्चअखेर. जानेवारीत घेतलेल्या तासांचे पैसे जूनमध्ये. विद्यापीठानं काटकसर केली असं अहवालात छापून येतं तेव्हा ती कुणाच्या घरात झाली हे मला माहीत असतं.

सरकारबद्दलही स्पष्ट लिहिलं पाहिजे, नाहीतर सगळा दोष विद्यापीठावर येईल. आर्थिक स्वावलंबनाची भाषा नवी नाही. केंद्रीय विद्यापीठांच्या अनुदानाचा विचार करणाऱ्या पुन्नय्या समितीनं १९९३ च्या सुमारास सुचवलं होतं की आवर्ती खर्चाचा १५ टक्के भाग पाच वर्षांत आणि २५ टक्के भाग दहा वर्षांत विद्यापीठांनी स्वतः उभा करावा. आपल्या राज्यात त्याच्या दहा वर्षं आधी, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली होती. त्यातून शिक्षण गावोगावी पोचलं हेही खरं, आणि १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध, म्हणजे प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या जादा पैशांविरुद्ध, कायदा करावा लागला हेही खरं. पुढची सगळी न्यायालयीन लढाई, सर्वोच्च न्यायालयातल्या २००५ च्या इनामदार खटल्यापर्यंत, एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली: संस्थेला चालण्यापुरती वाजवी शिल्लक ठेवू द्यायची, पण नफेखोरी होऊ द्यायची नाही, तर रेघ कुठे मारायची? २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आलं ते ही रेघ मारायला.

तिकडे सरकारी विद्यापीठाला सरकारच हळूहळू ग्राहकासारखं वागवू लागलं आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेनं स्पष्ट केलं की विद्यापीठ महाविद्यालयांना संलग्नीकरण देतं ती सेवा करमुक्त नाही, तिच्यावर १८ टक्के कर लागतो. कायद्यानं नेमून दिलेलं काम एका फटक्यात विक्रीच्या व्यवहारात जमा झालं. त्याच बैठकीत सरकारी आणि खासगी अनुदानावर होणाऱ्या संशोधनाला करातून सूट देण्याची शिफारस झाली, हा मोठा दिलासा होता आणि तोही नोंदवला पाहिजे.

शिष्यवृत्तीचंही तसंच. जुलै २०२४ मध्ये राज्यानं निर्णय घेतला की कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. मी या निर्णयाच्या बाजूनं आहे, मनापासून. पण माफ केलेलं शुल्क सरकार संस्थेला नंतर भरून देतं, आणि या 'नंतर'मध्ये संस्थेचा श्वास अडकतो. प्रतिपूर्ती थकली की पगार थकतात, मग कुणीतरी मुलीला सांगतं, "तू आत्ता भर, पैसे आले की परत देऊ." माफीचा अर्थ तिथेच संपतो. विद्यापीठानं आपल्या ठेवींतून एक फिरता निधी ठेवावा आणि प्रतिपूर्ती येईपर्यंत लहान महाविद्यालयांना त्यातून बिनव्याजी उचल द्यावी, असं मी दोनदा सुचवलं. मंजूर झालं नाही. तुम्ही पुन्हा मांडा.

देणग्या आणि उद्योगांशी करार यांवर थोडक्यात. पैसेवाल्यांनी विद्यापीठाला दिलं तर विद्यापीठ विकलं जातं असं मी मानत नाही. व्यापारी प्रेमचंद रायचंदांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी दोन लाख दिले. मनोऱ्याला त्यांच्या आईचं, राजाबाईंचं नाव लागलं. कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली, त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं, आणि आज एसएनडीटी म्हणताना आपण तेच नाव घेतो. नाव जरूर द्यावं. अभ्यासक्रमात काय असावं आणि संशोधनाचा निष्कर्ष छापायचा की नाही, हे मात्र करारात येता कामा नये. करार वाचताना 'प्रसिद्धीपूर्व संमती' असं कलम कुठे दडलंय का तेवढं बघा.

खर्चाच्या बाजूला एक चांगलं उदाहरण कोल्हापूरचं. शिवाजी विद्यापीठानं आवारातले तलाव, विहिरी, शेततळी यांत पावसाचं पाणी अडवून पाण्याची बरीचशी गरज घरच्या घरी भागवली. पाणीपट्टी वाचली, आणि भूगोलाच्या, पर्यावरणशास्त्राच्या मुलांना अभ्यासाला आयतं क्षेत्र मिळालं. काटकसर अशी हवी, जिच्यातून शिकवणंही होतं.

शेवटी तुमच्या कार्यकाळात येणारी सर्वांत मोठी अडचण. चांगली महाविद्यालयं एकामागून एक स्वायत्त होत आहेत आणि स्वतःच्या परीक्षा स्वतः घेत आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार तर संलग्नीकरणाची पद्धतच १५ वर्षांत टप्प्याटप्प्यानं संपवायची आहे. म्हणजे परीक्षा आणि संलग्नीकरण या उत्पन्नाच्या दोन्ही मोठ्या खांबांना धक्का बसणार, आणि विद्यापीठाकडे उरतील ती स्वायत्त होऊ न शकणारी, सर्वांत दुबळी महाविद्यालयं. खर्च भागवायला तिथल्याच मुलांचं शुल्क वाढवण्याचा मोह होईल. अशी वाढ तुमच्यासमोर ठरावाच्या रूपात येईल, बहुधा "महागाई निर्देशांकानुसार" अशा शब्दांत. तिला विरोध करायचा असेल तर पर्याय हातात ठेवूनच करा: ठेवींवरच्या व्याजाचा ठरावीक भाग या महाविद्यालयांसाठी राखून ठेवा, स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमांवर इमारत, वीज, कर्मचारी अशा आस्थापना खर्चाचा आकार लावा, आणि रिक्त मंजूर पदांसाठी सरकारच्या मागे लागा. पद भरलं गेलं की पगार वेतन निधीतून येतो आणि तेवढा तुमचा स्वतःचा निधी मोकळा होतो. रिक्त पदांचा प्रश्न शैक्षणिक म्हणून मांडला जातो. तो तितकाच आर्थिक आहे, आणि वित्त समितीत तो तसाच मांडा.

मार्चमधल्या अधिसभेआधी अंदाजपत्रकाची प्रत हाती येईल. जाडजूड असते, घाबरू नका. प्रत्येक शीर्षापुढे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचे मूळ आणि सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. बहुतेक सदस्य शेवटचा रकाना वाचतात आणि तरतूद वाढली म्हणून अभिनंदन करतात. तुम्ही पहिला वाचा. विद्यार्थी कल्याण, कमवा व शिका (शिकता शिकता विद्यापीठात काम करणाऱ्या मुलांना मानधन देणारी योजना), ग्रामीण महाविद्यालयांसाठी साहाय्य, दिव्यांग विद्यार्थी, या शीर्षांवर मागच्या वर्षी तरतूद किती होती आणि प्रत्यक्ष किती खर्च झाली ते एका कागदावर उतरवून घ्या. शेजारी बांधकाम, वाहनं आणि समारंभ यांचे तेच दोन आकडे लिहा. कमवा व शिकाचा खर्च कमी दिसला तर ग्रंथालयात जा. तिथे संध्याकाळी पुस्तकं लावणारी मुलं असतील, त्यांना मागच्या महिन्याचे पैसे कधी मिळाले ते विचारा. त्यांनी सांगितलेली तारीख त्याच कागदावर, त्या शीर्षासमोर लिहा आणि तो कागद घेऊन सभेला जा.